शाईतलं शून्य

दुसरी गाडी मी रद्द केली तेव्हा शनिवार दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि मी स्वतःवर इतकी खूश होते की फोन ठेवल्याठेवल्या जेवणाच्या टेबलाभोवती एक गिरकी मारली. टेबलावर नदी पसरली होती. म्हणजे नकाशा, चार कागद चिकटपट्टीने जोडून केलेला, एका कोपऱ्यावर मीठदाणी, दुसऱ्यावर बाबाच्या चष्म्याची डबी, नाहीतर नदी आपोआप गुंडाळली जायची. शाळा अर्धा दिवसच होती, आई तिच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये, बाबा नवी दोरी आणायला बाजारात, आणि घरात एकटी मी, कप्तान. सहा दिवस, चौऱ्याऐंशी किलोमीटर पाणी, मध्ये एक गाव नाही, एक पूल नाही, फोनला रेंज नाही. आणि या सगळ्याचा आराखडा या वर्षी माझ्या हातात. नदीच्या सहलीची एक गोम असते. नदी माणसाला परत आणून सोडत नाही. होडीत बसलो तिथून चौऱ्याऐंशी किलोमीटर खाली उतरणार, म्हणजे शेवटच्या काठावर आधीच गाडी येऊन उभी असायला हवी, नाहीतर बसा ओले कपडे पिळत. शेवटच्या पानावर बाबाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: गाड्या २. दोन? तीन माणसं, हवा काढून घडी केलेली एक होडी, तीन पिशव्या, स्वयंपाकाची एक पेटी. मी कागदावर जीप काढली, सामान भरलं, आम्हा तिघांना बसवलं, वर एक जागा उरली. बाबा चुकला! जो माणूस नोकरी म्हणून दिवसभर पुलांच्या भेगा मोजत हिंडतो, घरात तिरकं लावलेलं कॅलेंडर ज्याला जेवू देत नाही, तो चुकला, आणि मी त्याला पकडलं. मी खोडरबर घेतलं, २ खोडला, चुरा फुंकरीने उडवला, १ लिहिला आणि गाडीवाल्या काकांना फोन लावला. "काका, सहाव्या दिवशी एकच गाडी हं. दुसरी रद्द." ते कुठेतरी गाडीच चालवत असावेत, मागे हॉर्न वाजत होते. "बरं बरं," म्हणाले आणि ठेवला.

आराखडा मला मिळाला ही लहान गोष्ट नव्हती. मागच्या वर्षापर्यंत माझं घरातलं नाव शेपूट. सगळ्यांच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी, पाहुणे आले की आईच्या पदराआड नाही तर फ्रिजच्या आड. होडीत पुढे आई, मागे बाबा, मध्ये मी पिशव्यांना टेकून. बाबा म्हणायचा, दोन माणसं आणि एक सामान. मग या वर्षी काय झालं कोण जाणे. शाळेतल्या वादविवादात बाईंनी मला जबरदस्तीने उभं केलं, आणि तोंड उघडलं तर आतून कुणीतरी दुसरीच बोलायला लागली, आणि ती थांबेचना. घंटा वाजली तरी थांबली नाही. पहिला नंबर आला. मी घरी येऊन ओरडून सांगितलं, तेव्हा बाबाने कपाटातून आराखड्याची वही काढली, काळी, पाण्याने फुगलेली, आणि माझ्यासमोर ठेवली. "शेपूट आजपासून कप्तान," म्हणाला. आई हसली आणि लगेच नळाकडे वळली, नळ बंदच होता. या वहीचे नियम माझ्या जन्माआधीचे. रोजचं पान वेगळं. पानाला पाच रकाने: अंतर, खळाळ (पाणी दगडांतून उसळत धावतं त्या जागा), मुक्काम, बाहेर पडायची वाट, आणि माणसं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की पाण्याचं ते पेन्सिलीने, माणसांचं ते शाईने. अंतर, खळाळ, गाड्यासुद्धा पेन्सिलीने, कारण पाऊसपाण्यावर, रस्त्यावर सगळं बदलू शकतं. पण होडीत कोण बसणार, कोण पुढे, कोण मागे, ते शाईने. ते बदलत नाही. लहानपणी मला वाटायचं हा नियम जगात सगळीकडे आहे, आणि शाळेत एकदा मी गणित पेन्सिलीने सोडवून वर आपलं नाव तेवढं पेनने लिहिलं तेव्हा मास्तर म्हणाले, हे काय नवीन, आणि मला त्यांचीच कीव आली होती.

फक्त चौथं पान विचित्र होतं. ते बाबाने मला वही देण्याआधीच भरून ठेवलं होतं. अंतर: शून्य. मुक्काम: तोच, तिसऱ्या दिवसाचा. आणि ते शून्य शाईने. मी बुधवारी संध्याकाळीच विचारलं होतं. "बाबा, चौथ्या दिवशी शून्य का?"

"विश्रांती."

"आपण कधी विश्रांती घेतो? तूच म्हणतोस ना, नदी थांबत नाही तर आपण कोण लागून गेलो."

"या वर्षी थांबू."

आई ओट्यापाशी होती. ती न वळता म्हणाली, "दोन दिवस खळाळांचे झालेले असतील. हात भरून येतात गं."

"मग चांगल्या जागी थांबू. पाचव्या दिवशी केवढा मोठा डोह आहे बघ. इथे काय आहे? वाळू आणि एक सपाट दगड."

"सपाट दगड बरा असतो," बाबा म्हणाला. "बसता येतं."

"आणि बाहेर पडायची वाट? रकाना रिकामाच सोडलायस."

"तिथे वाट नाही. दोन्हीकडे कडे आहेत."

"म्हणजे नियमाप्रमाणे तिथे थांबायलाच नको! आणि शून्य शाईने का? अंतर पेन्सिलीने असतं."

"पेन्सिल सापडली नाही."

पेन्सिल त्याच्या कानावर होती. मी खो खो हसले, ती ओढून काढली आणि त्याच्या नाकासमोर नाचवली. तोही हसला. मग आई म्हणाली, "कप्तान, एवढं एक आमचं ऐक," आणि मी मोठ्या मनाने ऐकलं. मला वाटलं, वय झालं बिचाऱ्यांचं.

चारला दहा कमी असताना फोन वाजला. गाडीवाले काका. गेली सात-आठ वर्षं आमची होडी त्यांच्याच टपावरून जाते, मी त्यांच्या मागच्या सीटवर उलट्या केलेल्या आहेत, त्यामुळे आमच्यात परकेपणा नाही. "अगं, मघाशी मी गर्दीत होतो. कुठली गाडी नको म्हणालीस?"

"दुसरी, काका. आम्ही एकीत मावतो. मी चित्र काढून बघितलंय."

"एकीत कसे मावाल? त्या दोन गाड्या दोन दिशेला आहेत. एक तुम्हा मायलेकींना घेऊन इकडे, पाच तास. दुसरी साहेबांना घेऊन पलीकडे धरणावर. नव्या घरी."

"कुठल्या घरी?"

"भाड्याने घेतलंय ना त्यांनी. नोकरी तिकडे लागली म्हणून. चार खोकी तर मागच्याच आठवड्यात पोचवली मी, पुस्तकांची. पाठीचं पार भुसकट झालं." ते हसले. "मी मॅडमना म्हटलं, आता सुट्टीला तुमच्या तिकडे फेऱ्या सुरू. तर म्हणाल्या, ती येईल, मी नाही." मग एकदम त्यांचं हसणं थांबलं. "हॅलो? पोरी? तुला सांगितलंय ना त्यांनी?"

"हो," मी म्हणाले. "सांगितलंय की." वादविवादातली ती दुसरी मुलगीच बोलली. काय आवाज होता तिचा, खणखणीत.

"मग ठीक. दुसऱ्या एकांना त्या दिवशी गाडी हवीय, तर उद्या बाराच्या आत नक्की काय ते कळव."

फोन ठेवला आणि मी नकाशावरची मीठदाणी उचलली. का उचलली माहीत नाही. कोपरा सुटला, नदी गुंडाळत गुंडाळत माझ्या हातापर्यंत आली आणि थांबली. मी ती परत पसरली, परत मीठदाणी ठेवली, परत उचलली. असं बराच वेळ केलं. समोर पुस्तकांचं कपाट होतं, त्याचे मधले दोन कप्पे रिकामे. आई म्हणाली होती वाळवी लागली. मी त्या कप्प्यात स्वतः औषध फवारलं होतं, नाकाला रुमाल बांधून, आणि बाबा दारात उभा राहून बघत होता, "कोपऱ्यात पण मार हं," म्हणत होता. कोपऱ्यात पण मार. वाळवी नव्हतीच. आणि थँक्यू! आई बाबाला थँक्यू म्हणायला लागली होती. आमच्या घरात कोण कुणाला थँक्यू म्हणतं? आधी कसं होतं, चहा दिला की "आज साखर संपावर गेली का?" आणि त्यावर "तुझ्या जिभेवर आहे ती टाक." पलीकडच्या काकू भिंतीवर थापटायच्या इतकं चालायचं. आणि या वर्षी सगळं शांत. "चहा." "थँक्यू." "मीठ देतेस?" "हे घे." मला वाटलं होतं, चला, घरात शहाणपण आलं. मी मैत्रिणीला मिरवून सांगितलंसुद्धा, आमच्याकडे आता भांडणं होत नाहीत. बाबाच्या कामात एक युक्ती असते. पुलाला भेग सापडली की नुसती बघून कळत नाही ती जुनीच आहे की वाढतेय, म्हणून तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवतात आणि महिन्याने जाऊन बघतात. काच अखंड असली तर भेग झोपलीय. काच तडकली तर ती चालतेय. मी सहावीत असताना त्याने मला अशी एक पट्टी चिकटवू दिली होती, तारीख मी लिहिली होती. आता बसल्याबसल्या वाटलं, मीच होते की काय ती आडवी चिकटवलेली. दोघांच्या मध्ये, पिशव्यांना टेकून. आणि अखंड राहिले म्हणून त्यांना वाटलं असेल की सगळं ठीक आहे, की मी तडकू नये म्हणूनच त्यांनी इतकी वर्षं भेग दाबून धरली असेल, कोण जाणे. मागच्या वर्षीच्या सहलीत ते दोघं काय सुरेख वल्हवत होते! आधी सारखे ठोकर खायचे, वल्ह्यावर वल्हं, आणि मग "डावीकडे म्हटलं ना!" "डावं कुणाचं, तुझं की माझं?" मागच्या वर्षी एक शब्द नाही. दोन वल्ही एकदम पाण्यात, एकदम बाहेर. मी मध्ये बसून मोजत होते, एक दोन, एक दोन, आणि मला वाटत होतं जगात यापेक्षा सुंदर काही नाही.

आणि चौथा दिवस, मला सांगायचा. वाळू आणि सपाट दगड, बसता येतं. दोन्हीकडे कडे. बाहेर पडायची वाट नाही, कारण त्यांना ठाऊक आहे की मला काही बोललं की मी चप्पल घालते आणि मैत्रिणीकडे निघून जाते. तिथे कुठे जाणार? हसू आलं मला, खरंच आलं, मोठ्याने आलं आणि रिकाम्या घरात ते फार वाईट वाजलं. काय माणसं आहेत ही! दुसऱ्यांकडे आईबाप वेगळे होतात तर कपबशा फुटतात, वकील येतात, मामा येतो. आमच्याकडे आराखडा. पाच रकाने. शेवटच्या काठापासून धरण दोन तासांवर, मग घरी पाच तास येऊन परत उलटा सात तास कशाला जायचं. एकच रस्ता दोनदा कापायचा नाही हा बाबाचा जुना हट्ट, तो त्याने इथेही सोडला नाही. त्याने मला कप्तान केलं तो वादविवादाचा नंबर म्हणून नव्हेच. दोघांपैकी एकाचाही हात सहावं पान पूर्ण लिहायला उठला नसेल. नाही, तेही खरं नाही. एक पान त्याने लिहिलं. आणि ते शाईने लिहिलं. कानावर पेन्सिल असताना.

साडेचारला आई आली. तिच्या हातांना लॅबच्या साबणाचा वास येतो, कितीही धुतले तरी, आणि तो वास मला जन्मापासून घराचा वास वाटतो. तिने पर्स टाकली, नकाशावर वाकली. "कुठपर्यंत आलं पाणी, कप्तान?"

"पाचव्या दिवसापर्यंत."

"आणि सहावा?"

"करतेय."

ती माझ्याकडे बघत राहिली. दिवसभर ती काचपट्टीवर रक्ताचा थेंब ठेवून त्यात काय आहे ते शोधते, तिच्यापासून लपवणं सोपं नाही. "चेहरा का असा? भूक लागलीय?" मी म्हणाले हो. तेवढ्यात बाबा आला, खांद्यावर निळ्या दोरीचं वेटोळं, "वीस मीटर! हत्ती बांधा!" म्हणत, आणि आई म्हणाली, "हत्ती कशाला, तुलाच बांधू," आणि मग दोघंही एकदम दुसरीकडे बघायला लागले, जसं काही चुकून जुनं काहीतरी बाहेर पडलं. मी दोरीचं टोक हातात घेतलं. नवी दोरी हाताला टोचते. आणि तेव्हा तो विचार आला. गाडी रद्द आहे. हे कुणालाच माहीत नाही. काकांना मी काहीच कळवलं नाही तर उद्या बारा वाजता ती गाडी दुसऱ्या कुणाची होईल. मग सहाव्या दिवशी शेवटच्या काठावर एकच गाडी उभी असेल, आणि रेंज नाही, आणि तिघांनाही तिच्यातच बसावं लागेल. पाच तास. बाबाचा गुडघा पुढच्या सीटला लागणार, आई म्हणणार पाय आवर, बाबा म्हणणार पाय काय कापून देऊ, आणि पाच तासांत काहीही होऊ शकतं. पाच तासांत मी काहीही बोलू शकते. मी वादविवादात पहिली आले आहे. दोन परीक्षक होते तिथे, इथेही दोनच आहेत.

हे मी रविवारी सकाळपर्यंत धरून ठेवलं. तोंडात गोळी धरावी तसं, गालातून गालात फिरवत. दात घासताना मुद्दे काढले. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, समारोप. आणि चूळ भरताना, काही कारण नसताना, सातवीतला तो दगड आठवला. आमची होडी खळाळात एका काळ्या दगडावर आडवी जाऊन अडकली होती. पाणी मागून ढकलत होतं, दगड पुढून हलत नव्हता, आणि मी भीतीने दगडापासून लांब, पाण्याच्या बाजूला सरकले. त्याबरोबर ती बाजू खाली गेली आणि पाणी आत यायला लागलं. बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, "दगडाकडे! दगडाकडे झुक!" माझा विश्वास बसेना. ज्यावर आपटलो त्याच्याकडेच? आईने माझी कॉलर धरून मला तिकडे ओढलं, आम्ही तिघांनी त्या गार, बुळबुळीत दगडाला मिठीच मारली, आणि होडी हळूच सरळ होऊन, घसरून, सुटली. संध्याकाळी शेकोटीशी बाबाने समजावलं होतं. लांब पळायला गेलीस की मागचं पाणी होडी उलटवतं. दगड दिसला, आता चुकणार नाही असं कळलं, की त्याच्याकडे झुकायचं. मी बेसिनच्या कडेला धरून तशीच उभी राहिले. आरशात तोंडाला फेस. तिघांना एका गाडीत कोंबून मी पाच तास काय करणार होते, तर दगडापासून लांब सरकणार होते. आणि तीच दोघं, ज्यांनी मला कॉलर धरून ओढलं, तीच पाण्यात गेली असती.

मी गच्चीत जाऊन फोन केला. "काका, दुसरी गाडी राहू दे. माझं चुकलं होतं." ते म्हणाले, "मी स्वतः येतो त्या दिवशी. तुमच्या गाडीवर." मी थँक्यू म्हणाले, आणि तो शब्द तोंडात आला तसा मला कसंतरीच झालं.

निघायच्या आधीच्या रविवारी वाचन असतं. तिघांनी टेबलाशी बसायचं, आळीपाळीने एकेक दिवस मोठ्याने वाचायचा, आणि शेवटी तिघांनी सह्या करायच्या, म्हणजे नंतर कुणी म्हणायचं नाही की मला माहीत नव्हतं. पहिला दिवस बाबाने वाचला. दुसरा आईने. तिसरा मी, दोन खळाळ, दुसऱ्यात डाव्या काठाने, मुक्काम वाळूवर. चौथा परत बाबाकडे आला. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. "दिवस चौथा," तो म्हणाला. "अंतर शून्य." आणि थांबला. आई टेबलावरचा दिसत नसलेला कण बोटाने टिपत होती. "मुक्काम तोच. बाहेर पडायची वाट..." त्याचा आवाज त्या रकान्यात शिरला आणि त्याला बाहेर येता येईना. मी म्हणाले, "नाही. पुढे." आईने पाचवा वाचला, फार भरभर, डोहाचं नाव गाळलं, मी टोकलं नाही. मग वही माझ्याकडे आली. सहावं पान. मी ते वाचनाला बसायच्या जरा आधी घाईने पूर्ण केलं होतं. खोडलेल्या २ वर १, आणि तोही खोडलेला, कागद तिथे पातळ होऊन गेला होता, आणि त्या पातळ जागेवर मी पेनने लिहिलं होतं.

"दिवस सहावा," मी वाचलं. "अंतर सोळा किलोमीटर. खळाळ एकही नाही. शेवटचा काठ, दुपारी दोन. गाड्या दोन." मी पान बोटाने दाबून धरलं. "गाडी पहिली: आई, मी, होडी. गाडी दुसरी: बाबा." आवाज खणखणीत आला. कुठेच तडकला नाही. मी वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली.

बाबाने त्या २ वर बोट ठेवलं, हळूच, जशी तो भेगेवरची काच तपासतो. बोटाला थोडी शाई लागली. "शाईने लिहिलंस," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "माझं मोजताना चुकलं होतं. दोन लागतात."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मी आधी कधी ऐकलेला नव्हता. तिने माझी कॉलर धरली, त्या दिवशी होडीत धरली होती तशीच, आणि सोडलीच नाही. बाबाने सही करायला पेन उचललं. टोपण निघेना. पूल तपासणारे त्याचे ते हात, ते टोपण इकडून ओढ, तिकडून ओढ, काही केल्या निघेना. मी ते त्याच्या हातातून घेतलं, उघडलं, आणि परत त्याच्या हातात दिलं.